घाटातली दगडांची रास

सुधीर, शीला,

तुम्ही दोघे शाळेच्या सहलीला जाऊन ज्वालामुखीच्या तोंडाशी उभे राहिलात, आत वाकून पाहिलेत, आणि आत आगीऐवजी नुसता झाडझाडोरा दिसला म्हणून सुधीर हिरमुसला, असे तुमच्या बाबांनी नैरोबीहून कळवले. त्याच पत्राखाली सुधीरने स्वतः विचारले आहे, "आजी, तुमच्याकडे ज्वालामुखी नाही ना?"

आहे. नागपूरहून सकाळच्या गाडीने निघाले तर दिवस मावळायच्या आत तिथे पोचता येते. त्याला तोंड नाही, धूर नाही, आणि ज्याला पाहून तुम्ही टाळ्या वाजवाल असा तो उंचही नाही. तो विझला तेव्हा जगात एक झाड नव्हते, एक पाखरू नव्हते. असे तुमचे आजोबा सांगत, आणि खडकांच्या बाबतीत ते उगीच काही बोलत नसत.

मी नुकतीच तिथे जाऊन आले. ज्वालामुखी पाहायला मात्र गेले नव्हते. तुमच्या बाबांच्या आधी मला एक मुलगा झाला होता. त्याचे नाव मुकुंद. तो आठ महिन्यांचा असताना सालेकशाला तापाने गेला आणि तिथेच घाटाच्या पायथ्याशी आहे. बाबांना हे ठाऊक आहे, पण आमच्या घरात त्याविषयी कधी कोणी बोलले नाही, म्हणून तुमच्यापर्यंत ते आले नाही. आता सांगते, कारण पुन्हा तिथवर जाणे माझ्या गुडघ्यांना जमणार नाही, आणि माझ्यानंतर ती जागा ओळखणारे आपल्या घरात कोणी उरणार नाही. मला पाल्हाळ आवडत नाही. क्रमाने सांगते.

तुमचे आजोबा सरकारी खात्यात खडकांचे नकाशे करण्याच्या कामावर होते. एका हिवाळ्यात त्यांचा मुक्काम सालेकशाला पडला आणि मी मुकुंदला घेऊन त्यांच्याबरोबर तंबूत राहायला गेले. तंबूपासून हाकेच्या अंतरावर एका पोवार शेतकऱ्याचे घर होते. त्या घरची नवी सून जसोदा आम्हांला दूध आणून देई आणि मुकुंदला कडेवर घेऊन बांधाबांधाने हिंडे. ताप आला तेव्हा डॉक्टर गोंदियाला होता. आजोबा त्याला घेऊन आले तेव्हा उशीर झाला होता.

इतक्या लहान मुलाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. बायकांनी तिथे जायचे नसते, म्हणून मी गेले नाही. मुक्काम हलवला त्या दिवशी आजोबांनी बैलगाडी घाटाच्या वाटेने घ्यायला लावली आणि मला ती जागा दाखवली. वाटेच्या कडेला गुडघ्याएवढी दगडांची रास होती. सगळे दगड तिथलेच, तांबूस, मांसाच्या रंगाचे. वर मात्र एक काळा दगड होता. तो मी लगेच ओळखला. आजोबांच्या टेबलावर कागदांवर ठेवायचा तो सीताबर्डीच्या टेकडीचा दगड. "घरचे काहीतरी बरोबर असावे," एवढेच ते म्हणाले. त्यानंतर मी त्या बाजूला गेले नाही. तेही कामाशिवाय गेले नाहीत.

या दिवाळीनंतर जसोदाचा मुलगा फागुलाल वडिलांचा डोळा दाखवायला नागपूरला आला होता. पत्ता विचारत विचारत तो आमच्या दारात उभा राहिला. पाणीसुद्धा घ्यायच्या आधी म्हणाला, "मायनं निरोप देल्ला आहे जी. दरेकशाच्या घाटातून सडक होऊन राहिली. तुमची गोट्याची रास सडकेत येऊन राहिली. बाईले यायचं असन तं लवकर ये म्हना, मांगून रडू नको म्हना."

गोटा म्हणजे दगड. जसोदा पहिल्यापासून असेच बोलते.

गोंदिया

भंडारा मागे पडले की गाडीच्या खिडकीतून तळी दिसू लागतात. इकडच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली ही तळी. एका बाजूला मातीचा लांब बांध, त्याला इकडे पार म्हणतात, त्यावर आंब्याची झाडे, खाली भाताची शेते. धान कापून झाले होते आणि शेतांत नुसती खुंटे राहिली होती, त्यांत बगळे चालत होते. माझ्या समोर बसलेला शेतकरी म्हणाला, मालगुजारी गेली, तळी राखणारे जमीनदार गेले हे बरे झाले, पण पाराला भोक पडले तर आता कोणाच्या दारात जाऊन ओरडायचे ते कळत नाही. मी मान हलवली.

गोंदिया स्टेशनवर पुढच्या गाडीला बराच अवकाश होता. हे शहर बोलते हिंदी, विड्या वळते आणि भात कांडते. कोंड्याची धूळ फलाटावरच्या बाकांवरसुद्धा होती. मी रुमालाने बाक पुसला, वळकटी ठेवली, तिच्यावर डबा, डब्यावर छत्री, आणि शेजारी बसले. विडीच्या पानांचे गठ्ठे घेऊन एक बाई तिथे आली. तिने माझी ही मांडणी नीट पाहून घेतली.

"कहाँ जाना है माताजी?"

"सालेकसा."

"इस उमर में जंगल! वहाँ कौन है आपका?"

साधा प्रश्न होता. मी डब्यावरची छत्री सरळ केली. शेवटी मी म्हणाले, "जसोदा नाम की एक औरत है." ती हसून म्हणाली, "तो ठीक है, खाना मिल जाएगा."

गाडी आली तेव्हा मी छत्री बाकावरच विसरले. आयुष्यात पहिल्यांदा मी सामानातली वस्तू विसरले असेन. गाडी हलल्यावर त्या बाईने ती खिडकीतून आत फेकली आणि ती एका झोपलेल्या माणसाच्या पोटावर पडली. त्याने मला जे काही म्हटले ते छत्तीसगढीत होते, म्हणून मी ते मनावर घेतले नाही.

सालेकसा

फागुलाल बैल जुंपलेले खाचर घेऊन स्टेशनावर उभा होता. सालेकसा फार बदललेले नाही. एक रस्ता, दोन्ही बाजूंना कौलारू घरे, मोहाची झाडे, आठवड्याच्या बाजाराचे मोकळे मैदान आणि सगळ्यांच्या मागे जंगलाची काळी रेघ. बदल झाला होता तो जसोदात. कडेवर मूल घेऊन बांधावरून पळणारी पोरगी गेली आणि तिच्या जागी तोंडात दोन दात उरलेली रुंद बाई दारात उभी होती. तिलाही माझे तसेच वाटले असावे.

"अवं बाई, किती वाळली वं तू! नागपुरात भात भेटत नाई का?"

"भेटतो," मी म्हणाले.

"मंग खात काऊन नाईस?"

तिने परातीत माझे पाय ठेवून धुतले. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याचा तांब्या देतात आणि त्याने स्वतः पाय धुवायचे असतात. मी पाय मागे घेतले तर तिने घोटाच धरून ठेवला.

जेवणात भात, लाखोरीची डाळ, सुक्या झिंग्यांची चटणी तिच्या घरच्यांसाठी आणि माझ्यासाठी वालाच्या शेंगांची भाजी. आपल्याकडे थोडे थोडे वाढतात आणि मग आग्रह करतात. इथे विचारायची पद्धत नाही. जसोदाने माझ्या ताटात एकदाच भाताचा डोंगर केला, मुठीने वर खळगा पाडला आणि त्यात डाळ ओतली. डाळ काठ फोडून खाली ओघळली. सुधीर, तुला हवा तसा तोंड असलेला ज्वालामुखी मला तिथे ताटात पाहायला मिळाला. मला निम्माही संपला नाही. ताट उचलताना तिने भाताकडे आणि माझ्याकडे असे पाहिले की मला शाळेत नापास झाल्यासारखे वाटले.

जेवण झाल्यावर ओसरीवर उन्हात बसून मी तिला विचारले, "रास नेमकी किती राहिली आहे गं? इतक्या वर्षांत दगड पांगले असतील."

"पांगतील कायले? वाढली."

"वाढली म्हणजे?"

"माह्या डोक्यावरून गेली," ती म्हणाली.

मला वाटले ती थट्टा करते आहे. मग तिने सांगितले ते असे.

आम्ही गेल्यावर तिला कोल्ह्यांची भीती वाटली. कोल्हे माती उकरतात. म्हणून मोहफुले वेचायला किंवा तेंदूची पाने तोडायला घाटाकडे गेली की ती राशीवर एक दगड ठेवू लागली. बरोबरच्या बायकांनी पाहिले. जसोदा ठेवते तर काहीतरी असेल म्हणून त्यांनीही एकेक ठेवला. इकडच्या जंगलात घाटाच्या देवाला असाच दगड वाहून पुढे जायची रीत आहेच. घाट चढणाऱ्या गोंडांनी ठेवला, लाकडे नेणाऱ्या गाडीवानांनी ठेवला. पुढे कोणी शेंदूर लावला. कोणाचे तान्हे मूल आजारातून उठले, तिने नारळ फोडला. मग मूल होत नसलेल्या बायका येऊ लागल्या.

"आणि तू कोणाला सांगितले नाहीस?"

"इच्यारलं नाई कोनी."

"जसोदा!"

"मेल्या लेकराचं नाव घेऊन बाया रानात जातीन का? सांगतली असती तं कोनी तिकडून गेलीच नसती. मंग गोटे कोन ठेवलं असतं? मी एकटी किती ठेवू?"

मी विचारले, "मग आता अडचण काय आहे? मजूर देवाच्या राशीला हात कसा लावतील?"

"तेच तं," ती म्हणाली. "देव आहे म्हनून तं लावतीन."

मग तिने मला तिथली रीत समजावली. मजुरांनी राशीला हात लावायला नकार दिला, तेव्हा सडकेच्या मुकादमाने गोंडांच्या पुजाऱ्याला, त्याला इकडे भुमका म्हणतात, बोलावले. देव वाटेत आला तर भुमका त्याला उठवतो. तांदूळ टाकायचे, कोंबडे द्यायचे, मोहाची दारू शिंपडायची आणि राशीतला एक दगड नव्या टोपलीत घेऊन दुसऱ्या झाडाखाली ठेवायचा. देव त्या एका दगडाबरोबर निघून जातो. मागे उरतात ते नुसते दगड. ते फोडून सडकेची गिट्टी करायला कोणाची हरकत नसते. आणि सडकेसाठी आधी मुरूम निघेपर्यंत खाली खणायलाही नसते.

"उद्या सकारी उठवून राहिले," जसोदा म्हणाली. "मी सांगू शकत होती. पन माहं कोन आइकन? म्हनतीन, म्हातारीनं इतके साल नारळ फोडू देल्ले आन आता म्हनते पोट्टा आहे. आन पोट्टा तुहा आहे बाई. तूच सांग."

मी तीस वर्षे वर्गात उभी राहून बोलले आहे. पण ते नाव मी चारचौघांत त्या हिवाळ्यानंतर एकदाही उच्चारले नव्हते. शिवाय ज्या बायकांनी तिथे नारळ फोडले त्यांना मी काय सांगणार होते? मी जसोदाला म्हटले, मला थोडे पडू दे. पडले, पण झोप लागली नाही. अंगणात धान्याच्या कणगीवर चिमण्या भांडत होत्या, त्या ऐकत राहिले.

घाट

सकाळी खाचराने निघालो. दरेकशाकडे जाताना जमीन हळूहळू वर येते आणि दोन्ही बाजूंना खडक दिसू लागतात. नागपूरचा खडक काळा, इथला तांबूस आणि जांभळट. त्यात गुलाबी दाणे असतात आणि कधी कधी दगडावर खाज्याच्या पापुद्र्यांसारख्या बारीक रेघा दिसतात. त्या वाहत्या लाव्हारसाच्या रेघा आहेत असे आजोबा सांगत. जाड मधासारखा रस अगदी सावकाश वाहिला आणि वाहता वाहता थिजला. ते हातोडीने ठोकत तेव्हा हा दगड चिनीमातीच्या ताटासारखा वाजे आणि तसाच धारदार फुटे. नागपूरचा लाव्हा याच्यापुढे कालचे पोर आहे, असे ते म्हणत.

तो वाजण्याचा आवाज मला लांबूनच ऐकू आला. मजूर गिट्टी फोडत होते.

खाचरातून उतरताना माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. तिथून राशीपर्यंत मी एक पाय ओढत गेले. त्यामुळे आधी मला फक्त पायाखालची वाट दिसली, रास दिसली नाही. वर पाहिले तेव्हा ती समोरच होती. जसोदा खरे बोलली होती. ती माझ्या डोक्यापेक्षा उंच होती, पायथ्याशी एखाद्या झोपडीएवढी रुंद. शेवाळलेले दगड, नवे दगड, शेंदूर, नारळाच्या करवंट्या, वाळलेली पाने. मी तिच्यात गुडघ्याएवढी रास शोधू लागले. ती कुठेतरी पार आत असणार होती. काळा दगड दिसत नव्हता. तो दिसणे शक्यच नव्हते.

राशीच्या एका बाजूने सडकेसाठी आखलेली चुन्याची रेघ येत होती आणि दुसऱ्या बाजूने पुढे जात होती.

मुकादमाचे नाव रामदीन. डोक्याला मफलर गुंडाळलेला, घाईत असलेला माणूस. भुमका सोमा राशीजवळ उकिडवा बसला होता. म्हातारा, बारीक, खांद्यावर घोंगडी. त्याच्यापुढे नवी टोपली, तांदूळ आणि मोहाच्या दारूची बाटली होती, आणि पाय बांधलेले कोंबडे रागाने इकडेतिकडे पाहत होते. मजूर होते, आणि गावच्या दहाबारा बाया देवाला निरोप द्यायला आल्या होत्या. एकीच्या कडेवर गुटगुटीत मूल होते. देव साजाच्या झाडाखाली जाणार म्हणून तिने तिथे आधीच शेणाने सारवून ठेवले होते.

भुमक्याचे लक्ष माझ्या पायाकडे गेले. त्याने काही न विचारता वहाण काढून घेतली, कमरेचा पळसमुळीचा दोर सोडला, त्यातला एक पेड तोडून अंगठा बांधून दिला आणि वहाण परत पायापुढे ठेवली. मग तो टोपलीकडे वळला. त्याचा हात तांदळाकडे गेला तेव्हा मी म्हणाले, "थांबा."

पुढचे मला नीट जमले नाही. मी शाळेत बोलते तसे बोलू लागले. या ठिकाणी पूर्वी अमुक खात्याचा मुक्काम होता, अशी काहीतरी सुरुवात केली. सगळे माझ्याकडे पाहत राहिले. मुकादम म्हणाला, "माताजी, सर्वे हो चुका है."

जसोदाने माझा दंड धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सर्वे नाई रे बाबा! ह्यात तिचा पोट्टा आहे. पुरला आहे. आठ महिन्याचा होता. मी कडेवर खेळवलेला आहे."

हातोड्या थांबल्या. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. कडेवर मूल असलेली बाई पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"जसोदामाय, तुले मालूम होतं?"

"होतं."

"मंग मी इथं नवस बोलली तवा तू काऊन नाई सांगतली? मी मढ्यापुढं नारळ फोडली? मंग माहा नवस कोनं आइकला?"

"ज्यानं आइकला त्यानं आइकला," जसोदा म्हणाली. "पोट्टा आहे ना तुह्या कडेवर? मंग? वापस देतेस का?"

दोघीतिघी हसल्या. ती हसली नाही. मुलाला दुसऱ्या कडेवर घेऊन ती मागे जाऊन उभी राहिली. तिच्याकडे पाहणे मला जड गेले.

मुकादम मात्र गोंधळलेला नव्हता. तो म्हणाला, "माताजी, बुरा मत मानना. कोई निशानी है? ऐसे तो कोई भी आके बोलेगा."

"निशाणी आहे," मी म्हणाले. "आत खोल एक काळा दगड आहे. नागपूरचा. इथे तसा दगड मिळत नाही."

"बस, फिर क्या बात है!" त्याने हात झटकले. "खोलके देख लेते हैं. काला पत्थर मिला तो आपका बच्चा, नहीं मिला तो इनका देवता. आधे दिन का काम है."

सुधीर, शीला, मला तो दगड पाहायचा होता. इतक्या वर्षांनी, एवढ्या वाटेने आल्यावर, फार पाहायचा होता. तो हातात घ्यायचा होता. आणि मनात भीतीही होती, की जसोदाची जागा चुकली असेल तर? वाट बदलली असेल तर? माझ्या तोंडून 'हो' निघणार होते.

भुमका अजून उकिडवाच होता. त्याने मला विचारले, "नाव काय होतं जी?"

"मुकुंद."

"मुकुंद," तो म्हणाला. "चालत होता का?"

"नाही. नुकता बसायला लागला होता."

त्याने मान हलवली. तांदूळ मुठीत घेतले, थोडा वेळ तसेच धरले आणि मग टोपलीत न टाकता राशीवर उधळले. मुकादमाकडे न पाहता तो म्हणाला, "देव असता तं मी त्याले म्हनलो असतो, ऊठ बाप्पा, तिकडं बस. देव उठते. त्याले उठवता येते. निजल्या लेकराले कोन उठवन? आन पांघरून काढून पाहाल का, निजला आहे का नाई म्हनून?"

त्याने कोंबड्याच्या पायाची दोरी सोडली आणि ते काखेत मारून उभा राहिला. जाताना दारूची बाटली मात्र उचलून घेतली.

मुकादम त्याच्या मागे ओरडला, "अरे, ऐसे कैसे! तेरे भरोसे लाइन डाली है!" मग तो मजुरांकडे वळला. "तुम लोग हटाओगे?" एक मजूर म्हणाला, "देवाच्या गोट्याले हात लावत नव्हतो, आता लेकराच्या लावू का?" आणि तो पुन्हा गिट्टी फोडायला बसला.

"साहब पूछेगा तो क्या बोलूँ?" मुकादम मला विचारत होता. मी म्हणाले, साहेबांचे नाव सांगा, मी त्यांना भेटते. त्याला ते फारसे बरे वाटले नाही.

जसोदा म्हणाली, "सायबाले म्हना, दोन म्हाताऱ्या सडकेत आडव्या झोपल्या होत्या. उठता उठत नव्हत्या."

तो हसला नाही. थोडा वेळ राशीभोवती फिरला, शिव्या पुटपुटला, चढाकडे पाहिले, उताराकडे पाहिले. मग राशीच्या अलीकडची चुन्याची रेघ बुटाने पुसत गेला आणि एका माणसाला म्हणाला, "चूना ला." बाजूच्या पळसाच्या दोन झुडपांवरून त्याने नवी रेघ ओढली. ती वाकडी आली. "साहब आएगा तब देखेंगे," तो म्हणाला. "मैं कुछ लिख के नहीं देता." मी लिहून मागितले नव्हते.

बाया पांगल्या. नवस बोललेली बाई सारवलेल्या जागेवरून तशीच निघून गेली. तिने त्या दिवशी राशीवर दगड ठेवला नाही. पुढे ठेवील की नाही, मला सांगता येत नाही.

मी मजुरांच्या ढिगातून दोन ताजे फुटलेले दगड निवडले, ज्यांच्यावर त्या वाहत्या रेघा स्पष्ट होत्या असे, आणि तुमच्या दोघांच्या नावाने राशीवर ठेवले. शीलाचा थोडा घसरला. जसोदाने तो नीट बसवला.

परत

त्या दिवशी जसोदाने वाढलेला सगळा भात मी खाल्ला. ती म्हणाली, "आता आली भूक." खरे म्हणजे भूक नव्हती, नुसता थकवा होता, पण तिला नाही म्हणायचेही त्राण नव्हते. निघताना ती स्टेशनापर्यंत आली नाही. तिचे पाय माझ्यापेक्षा वाईट आहेत. दारातूनच ओरडली, "आता येऊ नको बाई, मी पाहून राहिली ना!"

नागपूरला आल्यावर मी बरेच दिवस अंथरुणावर होते. वहाणेचा अंगठा अजून बदललेला नाही. पळसमुळी टिकली आहे.

परवा फागुलाल वडिलांचा दुसरा डोळा दाखवायला आला होता. साहेब येऊन गेले, म्हणाला. मुकादमाने त्यांना काय सांगितले ते त्याला माहीत नव्हते. सडक आता घाटातून वर गेली आहे आणि लाकडे वाहणाऱ्या मोटारी त्या जागी आल्या की थोड्या वळतात.

काळा दगड मी पाहिलेला नाही. रास जागेवर आहे, आणि जसोदा आहे.

तुमची,
आजी